लंडनच्या हॉटेलातला दुपारचा चहा : बुकिंगपासून बिलापर्यंत

माणशी ८० पौंडांचा चहा फसतो तो बहुतेक वेळा दोन जागी. एक तर बुकिंग करताना, खाण्याचं पथ्य नीट न सांगितल्यामुळे. नाहीतर टेबलावरच्या पहिल्या वीस मिनिटांत, सँडविचवर ताव मारल्यामुळे. स्कोन (छोटे, जाडसर, भुसभुशीत पाव) आणि पेस्ट्री पुढे येतात तोवर पोट तुडुंब झालेलं असतं. या दोन जागा सांभाळल्या तर बाकीचे रीतिरिवाज अर्ध्या तासात अंगवळणी पडतात.

आधी नाव नीट घ्या

मुंबईच्या मोठ्या हॉटेलांत या प्रकाराला सर्रास ‘हाय टी’ म्हणतात. ताजमहाल पॅलेसच्या सी लाउंजमधल्या हाय टीला स्कोनच्या जोडीला चाटही असतं आणि ते झकास लागतं. पण इंग्लंडात ‘हाय टी’ म्हणजे कामगार घरांतलं संध्याकाळचं जेवण. कारखान्यातून आलेली माणसं जेवणाच्या उंच टेबलाशी बसून मांस, पाव, चीज आणि त्यावर चहा घेत, ते हे. हॉटेलात मिळतो तो ‘आफ्टरनून टी’. बुकिंग करताना हाच शब्द वापरा. नुसते स्कोन, जॅम, साय आणि चहा एवढंच हवं असेल तर त्याला ‘क्रीम टी’ म्हणतात. जिथे मिळतो तिथे तो पूर्ण थाटापेक्षा बऱ्याच कमी पैशांत होतो. भूक बेताची असेल तर हा पर्याय आधी विचारून घ्या.

पद्धतीचं श्रेय बेडफर्डच्या सातव्या डचेसला, ॲना मारिया रसेलला दिलं जातं. साल साधारण १८४०. दुपारचं खाणं हलकं आणि रात्रीचं जेवण आठला सरकलेलं, त्यामुळे चार वाजता पोटात कावळे ओरडायचे. वोबर्न ॲबी या वाड्यातल्या आपल्या खोलीत ती चहा आणि पाव-लोणी मागवू लागली, मग मैत्रिणींना बोलावू लागली. आसामच्या चहाचा पहिला लिलाव लंडनला झाला तो १८३९च्या जानेवारीत, म्हणजे याच सुमाराला. त्यामुळे किटलीतल्या आसामला परका समजायचं कारण नाही.

हॉटेल कोणतं

थाट सगळीकडे आहे, स्वभाव वेगळे आहेत. पिकॅडिलीवरचं रिट्झ १९०६चं. तिथल्या पाम कोर्ट या दालनात आरसे, सोनेरी नक्षी आणि कपड्यांचा सगळ्यांत कडक नियम. सॅव्हॉय १८८९चं. तिथल्या थेम्स फॉयर या दालनात डोक्यावर काचेचा घुमट, खाली पियानो. क्लॅरिजेसच्या हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या कपबश्या ओळखीच्या आहेत. लँगहॅम १८६५चं, आणि दुपारचा चहा हॉटेलात आपणच रुजवला असा त्याचा दावा. ब्राउन्स १८३७चं. लाकडी तक्तपोशीची, शेकोटीची खोली असल्यामुळे थंडीत तिथे बरं वाटतं. बकिंगहॅम पॅलेसजवळचं गोरिंग १९१०चं, अजून त्याच घराण्याकडे आहे. फोर्टनम अँड मेसन हे हॉटेल नाही, १७०७चं दुकान आहे, पण वरच्या मजल्यावरच्या टी सलूनमध्ये चहाची यादी इतकी लांबलचक असते की चहाच्या दर्दी माणसाने तिथेच जावं.

पहिल्यांदाच जात असाल आणि नियमांचं दडपण नको असेल, तर रिट्झ दुसऱ्या खेपेला ठेवा.

वेळ आणि बुकिंग

शनिवार-रविवार आणि सबंध डिसेंबर यांचं बुकिंग दोन-तीन महिने आधी करावं. मंगळवार-बुधवारी दोन-तीन आठवडे पुरतात. बहुतेक हॉटेलं क्रेडिट कार्डाचा नंबर घेतात किंवा आगाऊ पैसे मागतात, आणि २४ किंवा ४८ तासांच्या आत रद्द केलं तर दंड लावतात. ती अट वाचूनच पुढे जा. विमान त्याच सकाळी उतरणार असेल तर त्या दिवसाचं बुकिंग नकोच. हीथ्रोचा इमिग्रेशनचा काउंटर तुमच्या चहासाठी थांबत नाही.

बैठका ठरलेल्या असतात, साधारण दीड ते दोन तासांच्या. रिट्झमध्ये त्या सकाळी साडेअकरापासून संध्याकाळी साडेसातपर्यंत दर दोन तासांनी असतात. साडेअकराचा चहा म्हणजे उशिराची न्याहारी झाली आणि साडेसातचा म्हणजे जेवण. साडेतीनची बैठक सर्वांत उत्तम. दुपारचं जेवण टाळायचं, सकाळी नऊच्या सुमारास पोटभर न्याहारी करायची आणि रात्री जेवणाचा विचार करायचा नाही. वेस्ट एंडची संध्याकाळची नाटकं बहुधा साडेसातला लागतात, तेव्हा साडेतीनचा चहा आटोपून आरामात पोचता येतं. खिडकीजवळची जागा मागायची असेल तर ऋतू बघा. डिसेंबरात लंडनला चारच्या आतच सूर्य मावळतो आणि खिडकीतून स्वतःचंच प्रतिबिंब दिसत राहतं. जूनमध्ये नऊनंतरही उजेड असतो.

पथ्य सांगताना ‘व्हेजिटेरियन’वर थांबू नका

आपल्या लोकांची सर्वांत जास्त फसगत इथे होते. ब्रिटनमध्ये शाकाहारी म्हणजे मांस-मासे वर्ज्य, अंडं चालतं. शाकाहारी मेन्यूत एग मेयोनेजचं सँडविच हमखास असतं. स्कोनच्या पिठात बऱ्याचदा अंडं पडतं आणि वरची चकाकी तर बहुधा अंड्याचा हात फिरवल्यामुळे असते. पेस्ट्रीबद्दल बोलायलाच नको. शिवाय मूस आणि जेली घट्ट करायला जनावरांपासून काढलेलं जिलेटिन वापरतात, पार्मेझान चीज वासराच्या पोटातून काढलेल्या रेनेट नावाच्या विरजणावर जमवलेलं असतं आणि फ्रूटकेकमध्ये ब्रँडी असू शकते. मांस न खाणाऱ्याला जिलेटिन नको असतं हे इंग्रजी स्वयंपाकघराला माहीत आहे, त्यामुळे शाकाहारी मेन्यूत ते सहसा नसतं. अंड्याचं मात्र वेगळं सांगावंच लागतं.

त्यावर सोपी तोड अशी : अंडं न खाणाऱ्यांनी थेट ‘व्हीगन’ मेन्यू मागवावा. त्यात अंडं, जिलेटिन आणि रेनेट तिन्ही आपोआप गळतात. फक्त दूधही गळतं. म्हणून बुकिंगच्या टिपणीत लिहावं : ‘व्हीगन मेन्यू, पण दूध, लोणी आणि क्लॉटेड क्रीम चालेल.’ हॉटेल ते क्रीम, म्हणजे स्कोनवरची जाड साय, वेगळ्या वाटीत आणून देतं, स्कोन सुखाचा होतो. दारू नको असेल तर तेही त्याच ओळीत लिहा, व्हीगन खाण्यात दारू असू शकते.

जैन पथ्य असेल तर पदार्थांची नावं घेऊन सांगा : कांदा, लसूण, बटाटा, गाजर, बीट. व्हीगन सँडविचमध्ये हमस (छोल्यांचं वाटण) पुष्कळदा असतं आणि हमसमध्ये लसूण असतोच. निव्वळ ‘जैन’ हा शब्द स्वयंपाकघरापर्यंत अर्थासकट पोचेल याची खात्री धरू नका. हलाल हवं असेल तरी आधी विचारावं लागतं. हे सगळं निदान ४८ तास आधी लेखी कळवा आणि टेबलावर बसताना वेटरला पुन्हा एकदा सांगा. आणि बुकिंगच्या दिवशी संकष्टी असेल तर तारीखच बदला. साय-लोण्याखेरीज उपासाला चालेल असं तिथे काही मिळणार नाही.

कपडे

बहुतेक ठिकाणी ‘स्मार्ट कॅज्युअल’ पुरतं : कॉलरचा शर्ट, सुती पँट, बंद बूट. फाटक्या जीन्स, हाफ पँट, धावायचे बूट आणि टोपी दारातच अडवतात. रिट्झच्या पाम कोर्टात पुरुषांना जॅकेट लागतं आणि जीन्स चालत नाही. टायबद्दल बुकिंगच्या पानावर काय लिहिलंय ते त्या वेळी पाहून घ्या. साडी, सलवार-कमीज, बंदगळा हे सगळं रुबाबात चालून जातं. एकच सांगणं : नऊवारी असो वा पाचवारी, पदर पिन करून घ्या. तीन मजली थाळीवरून हात पलीकडे जातो तेव्हा पदर नेमका सायीत बुडतो.

ओव्हरकोट, छत्री, खरेदीच्या पिशव्या दाराशी सामानघरात ठेवायला द्याव्यात. गोल टेबलं लहान असतात, पर्स मांडीवर किंवा पाठीशी ठेवावी, टेबलावर ठेवू नये.

बसल्यावर पहिली पाच मिनिटं

रुमाल अर्धा दुमडून मांडीवर. वेटर बहुधा पहिला प्रश्न शॅम्पेनचा करतो आणि तो इतक्या सहजपणे करतो की पेला पॅकेजमध्येच आहे असं वाटतं. शॅम्पेनसकटचा दर वेगळा असतो, माणशी २० पौंड किंवा जास्तच वाढतात. नको असेल तर ‘जस्ट द टी, प्लीज’ एवढं पुरे. पाण्याचंही तेच. ‘स्टिल की स्पार्कलिंग’ असं विचारलं की ‘टॅप वॉटर’ म्हणा. इंग्लंडात दारूचा परवाना असलेल्या जागी मागितल्यावर नळाचं पिण्याचं पाणी फुकट द्यावंच लागतं, त्यात संकोचाचं काही नाही.

याच वेळी एक गोष्ट सांगून ठेवा : स्कोन नंतर आणा. चांगली हॉटेलं स्वतःहूनच तसं करतात, पण काही ठिकाणी सगळं एकदम मांडतात आणि सँडविच संपेतो स्कोन गारढोण होतात.

चहाची निवड

यादीत वीस-तीस नावं असतात. घरच्या उकळलेल्या चहाची सवय असणाऱ्याने पहिली किटली आसामची किंवा इंग्लिश ब्रेकफास्टची घ्यावी. दोन्ही अंगानं भरदार, दूध पेलणारी. दार्जिलिंग, त्यातही वसंतातल्या पहिल्या तोडणीचा, दुधाशिवाय घ्यायचा. दूध घातलं की त्याचा फुलासारखा वास बुजतो आणि पैसे पाण्यात. अर्ल ग्रेला बर्गमॉट या लिंबूवर्गी फळाच्या तेलाचा वास असतो. १८३० ते १८३४ या काळात ब्रिटनचे पंतप्रधान असलेल्या ग्रे यांचं नाव त्याला आहे. तो कोरा किंवा लिंबाच्या चकतीबरोबर छान लागतो. लॅपसांग सूचाँग चिनी, पाइनच्या धुरावर वाळवलेला. चुलीवरच्या धुराचा वास ज्यांना आवडतो त्यांना तो आवडेल, बाकीच्यांनी शेजाऱ्याच्या कपातून घोटभर चाखून ठरवावं.

प्रत्येकाने वेगळी किटली मागवायला हरकत नाही आणि मध्येच चहा बदलताही येतो. बहुतेक हॉटेलांत त्याचे जादा पैसे नसतात. सँडविचबरोबर आसाम, पेस्ट्रीबरोबर दार्जिलिंग ही जोडी जमते : गोडावर हलका चहा तोंड साफ करतो.

किटलीत पानं सुटी असतील तर वेळेकडे लक्ष हवं. आसामला ३ ते ५ मिनिटं, दार्जिलिंगला २ ते ३. त्यापुढे पानातला तुरटपणा उतरत जातो आणि तिसरा कप घशाला टोचतो. बऱ्याच ठिकाणी चहा आतच गाळून आणतात. ‘आर द लीव्हज स्टिल इन?’ असं विचारून घ्या. पानं आत असतील तर गरम पाण्याचं वेगळं भांडं मागवून कडक झालेला चहा कपातच पातळ करावा. त्याचे पैसे पडत नाहीत. दुधामुळे तुरटपणा कमी होतो, कारण दुधातलं केसीन हे प्रथिन चहातल्या टॅनिन या तुरट द्रव्याला धरून ठेवतं. दूध आणि लिंबू मात्र एका कपात कधीच नाही, दूध फाटतं.

दूध थंड येतं, छोट्या सुरईत. आपल्या हिशेबाने ओतलं तर चहा कोमट होतो. एक-दोन चमचे घाला, नाहीतर सरळ गरम दूध मागा, आणून देतात. आधी दूध की आधी चहा यावर इंग्रज अजून भांडतात. हॉटेलात आधी चहा ओतावा, म्हणजे रंगावरून दूध किती घालायचं ते कळतं.

ओतणं, ढवळणं, पिणं

पहिला कप बहुधा वेटर ओततो, पुढचे आपले आपण. गाळणी कपावर धरून ओता, कप काठोकाठ भरू नका. साखरेचे खडे चिमट्याने घ्यायचे. चमचा गोल फिरवून किणकिणाट करायचा नाही. घड्याळातल्या सहापासून बारापर्यंत मागेपुढे दोन-तीनदा न्यायचा, मग बशीत कपामागे ठेवायचा. कपाचा कान अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरतात, करंगळी आत. करंगळी उंचावणं तिथे दिमाखाचं सोंग मानलं जातं.

टेबल नेहमीच्या उंचीचं असेल तर बशी टेबलावर राहते, कप तेवढा उचलायचा. सोफ्यावर बसला असाल आणि टेबल गुडघ्याखाली असेल तर बशी डाव्या हातात छातीच्या उंचीपर्यंत घ्यायची. चहा बशीत ओतून फुरके मारायची आपली पद्धत इंग्रज घरांतही एके काळी होती. आता हॉटेलात तसं केलं तर आजूबाजूच्या माना वळतील. गार व्हायला दोन मिनिटं द्या, फुंकू नका.

थाळी : खालून वर

खालच्या मजल्यावर सँडविच, मधल्यावर स्कोन, वर पेस्ट्री. खायचंही त्याच क्रमाने.

सँडविच बोटाएवढी, कडा कापलेली, माणशी चार-पाच. काकडी, अंडं आणि क्रेस (अळिवाची कोवळी पानं), स्मोक्ड साल्मन आणि क्रीम चीज, हॅम आणि मोहरी, आणि कोरोनेशन चिकन. हे शेवटचं १९५३ साली एलिझाबेथ राणीच्या राज्याभिषेकाच्या मेजवानीसाठी तयार केलं गेलं. करी पावडर आणि मेयोनेज एकत्र म्हटल्यावर आपण जरा बिचकतो, पण खाऊन बघण्यासारखं आहे. काकडीच्या सँडविचवरून स्वयंपाकघराचा हात कळतो : चकत्या कागदासारख्या पातळ हव्यात, मीठ लावून पाणी काढलेल्या हव्यात आणि पावाला कडेपर्यंत लोणी हवं. लोणी नसेल तर काकडीचं पाणी पावात मुरतं आणि घास लिबलिबीत लागतो. कडा कापलेला पाव वीस-पंचवीस मिनिटांत सुकायला लागतो, म्हणून सँडविच फार वेळ ताटकळत ठेवू नयेत.

हातानेच खायची, दोन-तीन घासांत एक. संपली की वेटर ‘आणखी आणू?’ असं विचारतो आणि बहुतेक मोठ्या हॉटेलांत ती फुकट मिळतात. इथेच आवरायचं. आवडलेल्या एखाद्या प्रकाराचं नाव घेऊन दोनच मागवा. सबंध ताट पुन्हा भरून घेतलं की पुढचा तास नुसता चहा पीत बसावं लागतं.

स्कोन

उच्चार ‘स्कॉन’ करा किंवा ‘स्कोन’, दोन्हींना तिथे अर्धा देश आहे. ‘स्कून’ हा उच्चार मात्र स्कॉटलंडमधल्या त्याच स्पेलिंगच्या गावाचा.

माणशी दोन येतात, एक साधा, एक मनुकांचा. चांगल्या स्कोनला कमरेशी आडवी भेग असते. तिथे दोन्ही हातांनी हलकेच पिळलं की दोन भाग सुटतात, सुरी घालायची गरज नाही. सुरीने कापला तर आतला गरम लगदा दाबला जातो. आधी जॅम आणि साय वाटीतून आपल्या बशीत काढायची, मग त्यातून थोडी थोडी लावायची. सरळ सामायिक वाटीतली सुरी स्कोनवर फिरवायची नाही. दोन भाग पुन्हा जोडून वडापावासारखा चावायचा नाही, प्रत्येक अर्धा उघडाच खायचा.

क्लॉटेड क्रीम म्हणजे दूध मंद आचेवर तापवून, सावकाश निववून वर धरलेली जाड साय. ‘कॉर्निश क्लॉटेड क्रीम’ या नावाला १९९८पासून भौगोलिक संरक्षण आहे आणि त्यात किमान ५५ टक्के स्निग्धांश असावा लागतो. म्हणूनच ती लोण्यासारखी उभी राहते. डेव्हनमध्ये आधी साय, वर जॅम. कॉर्नवॉलमध्ये आधी जॅम, वर साय. हा वाद बाजूला ठेवून व्यवहाराचं बोलायचं तर गरम स्कोनवर कॉर्नवॉलची पद्धत बरी : साय थेट गरम पृष्ठभागावर पडली की वितळून ओघळते, जॅमचा थर तिला धरून ठेवतो. अर्ध्या स्कोनला चहाचा एक चमचा जॅम, एक चमचा साय. स्कोन गार आले असतील तर परत गरम करून मागा, खुशाल. गार स्कोन म्हणजे सुकलेला मैदा.

पेस्ट्री आणि डबा

चार-पाच लहान नग, ऋतूनुसार बदलणारे. लिंबाच्या किंवा फळाच्या टार्टपासून सुरुवात, चॉकलेट शेवटी. उलट केलं तर चॉकलेटनंतर फळ नुसतंच आंबट लागतं. छोटा काटा वापरा. सगळं संपवायची सक्ती नाही. उरलेल्या पेस्ट्री डब्यात बांधून द्यायची पद्धत बहुतेक ठिकाणी आहे, तेव्हा न लाजता विचारा. डबा हॉटेलच्या नावाचा, देखणा असतो. सायीच्या आणि मूसच्या वस्तू मात्र दोन-तीन तासांत फ्रिजमध्ये गेल्या पाहिजेत.

मध्येच उठायचं झालं तर रुमाल खुर्चीवर ठेवा, निघताना बशीच्या डावीकडे, घडी न घालता.

बिल

छापलेल्या दरात २० टक्के व्हॅट धरलेला असतो, सेवाशुल्क वेगळं. ते १२.५ ते १५ टक्के बिलातच लावतात. दोघांचे १६० पौंड झाले तर १२.५ टक्क्यांनी २० पौंड वाढून १८० होतात. त्यावर आणखी टीप ठेवायची गरज नाही. हे शुल्क सहसा ऐच्छिक असतं, सेवा खरोखर वाईट असेल तर काढायला सांगता येतं. ऑक्टोबर २०२४पासून कायद्याने ही रक्कम कर्मचाऱ्यांनाच द्यावी लागते. कार्डाच्या यंत्रावर पौंड की रुपये असं विचारलं तर पौंड निवडा, रुपयांचा दर यंत्रवाल्याच्या सोयीचा असतो. आणि बिल मागितल्याशिवाय येत नाही, तेव्हा नाटकाला जायचं असेल तर बैठक संपायच्या पंधरा मिनिटं आधीच मागा.